फाट्यापासून अकरा मिलिमीटर

रविवारी सकाळी बाबांनी कटिंगच्या टेबलावरचे कपडे उचलून खुर्चीवर टाकले आणि त्या जागी नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या: कात्री, इस्त्री, खडूंचा डबा आणि माझा कप. कपात चहा होता. तो मी पिणार होते.

"तो माझा कप आहे," मी म्हणाले.

"असू दे गं. कागद गुंडाळतोय सारखा."

बाबा शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे खांदे आणि कमरा मोजल्या. मी त्यांची मुलगी, पदार्थविज्ञान शिकले आणि मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. आमच्याकडे बाजारातल्या पट्ट्या, टेप, तराजूची वजनं येतात. ती खरी आहेत की खोटी, एवढंच आम्ही सांगायचं. खोटी निघालेली पट्टी मालकासमोर मोडून दोन तुकडे त्याच्या हातात द्यायचे, असा आमचा नियम आहे. दादा मला 'मोजपट्टी' म्हणायचा. जेवताना ताट पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "मोजपट्टी, बघ जरा, मला तुझ्यापेक्षा कमी वाढलंय की नाही."

पस्तीस महिन्यांपूर्वी दादा एकटा दोन दिवसांसाठी डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात गेला आणि परत आला नाही. मुख्य वाटेवरच्या फाट्यापाशी, एका मोठ्या दगडाला टेकवून ठेवलेली त्याची बॅग मिळाली. चेन बंद होती. आत खाणं होतं, टॉर्च होता, जाकीट होतं. फक्त पाण्याची बाटली नव्हती. नकाशाही बॅगेतच होता, नेमका त्या फाट्याचा चौकोन वर येईल असा घडी घातलेला. फाट्यापासून उजवीकडे तुटक रेषेने एक पायवाट जात होती आणि तिच्या टोकाला निळा थेंब होता. थेंब म्हणजे पाणी. दादाने त्या थेंबाभोवती पेन्सिलीने गोल केला होता.

वनरक्षकांनी अकरा दिवस शोधलं. मग आम्हाला एक कागद पाठवला.

"पुढच्या महिन्यात जाऊन येतो म्हणतोय," बाबा आता नकाशावर वाकून म्हणाले. "फाट्यापर्यंत. लांब नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर तो नवा नव्हता, पस्तीस महिने होताच. दादाचा राग, एकटा गेला म्हणून. वनरक्षकांचा, त्यांना बारावा दिवस सुचला नाही म्हणून. आणि बाबांचा, कारण या सगळ्यात ते एकदाही ओरडले नाहीत. लोक भेटायला यायचे तेव्हा हे त्यांच्या शर्टाची तुटलेली बटणं लावून द्यायचे.

पण रागाने चढण कमी होत नाही. जाणारच असतील तर नीट मोजून जाऊ देत, असं मी ठरवलं. बाबांचा डावा पाय लहानपणापासून आखूड. उंच टाचेचा बूट घालूनही ते लंगडतात. मी त्यांना बोळातून तीन वेळा चालायला लावलं आणि जमिनीवर त्यांच्याच खडूने खुणा केल्या.

"चोर पकडलाय का गं?"

"सरळ चाला. मुद्दाम सरळ नका चालू, नेहमीसारखं चाला."

"आता सरळ चालू की नेहमीसारखं?"

उजवं पाऊल साठ सेंटिमीटर पडत होतं, डावं बेचाळीस. म्हणजे उजवं एक धरलं तर डावं शून्य पूर्णांक सात. तीनही वेळा तेच. मी हिशेब मांडला. माहिती केंद्रापासून फाटा तीन किलोमीटर दोनशे मीटर, चढ तीनशे ऐंशी मीटर. बाबांच्या पावलांनी एक तास पन्नास मिनिटं. दोन ठिकाणी बसायचं, कुठे ते नकाशावर पाहून ठरवायचं.

ते पाहायला मी वाकले तेव्हा फाट्याच्या उजवीकडे मला कागदात बारीक भोकं दिसली, ओळीने टोचलेली. शेजारीच बाबांचं दातेरी चाक पडलं होतं, कापडावर बेताच्या, म्हणजे कापायच्या आकाराच्या, खुणा उठवायचं.

"नकाशावर चाक फिरवलंत?"

"हाताला सवय."

मला पेन्सिलीचा तो गोल हवा होता, म्हणून मी कपाटातून दादाचा नकाशा काढला आणि बाबांच्या नकाशाशेजारी ठेवला. पत्रक क्रमांक तोच, आवृत्ती तीच, वर्ष तेच. दादाच्या नकाशावर फाट्यापासून थेंबापर्यंत तुटक रेषेचे सात तुकडे होते. अकरा मिलिमीटर. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पंचवीस मीटर, तेव्हा पावणेतीनशे मीटर वाट.

बाबांच्या नकाशावर वाट थेंबापाशी संपत नव्हती. ती पुढे डोंगराच्या धारेवर चढत होती, तिथल्या सुळक्याच्या मागून वळसा घेत होती आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच थेंबाकडे उतरत होती. मी टाचणीच्या टोकाने मोजलं. एक्केचाळीस तुकडे. शेवटचा तुकडा आणि थेंब यांच्यात आणखी एका तुकड्यापुरती जागा मोकळी होती.

"बाबा, ही वाट कधी झाली?"

बाबांनी नकाशाच्या कोपऱ्यावरचा माझा कप उचलला आणि गार चहा पिऊन टाकला. "झाली असेल."

"झाली असेल म्हणजे? सोळाशे मीटर वाट आहे ही! तिथे वाट आहे हे कुणाला तरी माहीत होतं, आणि शोधायला गेलेल्यांना कुणी सांगितलं नाही?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत!"

त्यांनी नकाशाची घडी घातली. घडीवर घडी नेमकी बसवून, सदरा घालतात तशी.

सोमवारी मी प्रयोगशाळेतून उद्यानाच्या माहिती केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणाचाही मला राग आला.

"त्या फाट्यावर उजवीकडे वाट नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

"फाटा आहे आणि वाट नाही?"

"फाटा आपण नकाशामुळे म्हणतो. तिथे वाट नुसती डावीकडे वळते. उजवीकडे कातळ आहे, भिंतीसारखा उभा. मी कितीदा त्याला पाठ लावून डबा खाल्लाय. फोनला रेंजही तिथेच येते."

"मग नकाशात काय छापलंय?"

"नकाशा आमचा नाही, मॅडम. तो नकाशा कार्यालयाचा. आम्ही फक्त ठेवतो."

"माझ्या भावाने तो तुमच्याच खिडकीवर घेतला होता."

मग त्या म्हणाल्या, "मला आठवतंय. मीच दिला होता."

दुपारी मी लवकर घरी आले आणि तक्रारअर्ज लिहायला बसले. बाबा लहान बॅग घेऊन दारात उभे राहिले. "आत्याकडे जातोय. दोन दिवस."

"बरं," मी मान वर न करता म्हणाले. 'अक्षम्य हलगर्जीपणा' या शब्दांपाशी मी अडले होते. अक्षम्य पुरेसं होत नव्हतं.

"चहा गरम असताना पीत जा," बाबा म्हणाले. मग जिन्यावर त्यांची पावलं वाजली, एक लांब, एक आखूड.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि दोन्ही नकाशे आणि अर्ज घेऊन नकाशा कार्यालयात गेले. चौथा मजला. लांब खोली, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, भिंतीलगत कमरेएवढी लोखंडी कपाटं आणि त्यांना रुंद, पातळ खण. बहुतेक टेबलांवर संगणक होते. अगदी शेवटच्या टेबलावर मात्र खालून उजेड येणारी काच होती आणि तिथे एक म्हातारे आरेखक बसले होते. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. एरवी त्या वयाच्या माणसाला मी काका म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं नाही.

मी पत्रकाचा क्रमांक सांगितला. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. खुर्ची पुढे केली.

"उजवीकडची वाट ना," ते म्हणाले.

"ती कुणी मोजली?"

"कुणी नाही."

"मोजल्याशिवाय काढली?"

"ती नाहीच आहे, ताई." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "प्रत्येक पत्रकात आम्ही एक खोटी गोष्ट घालतो. जुनी पद्धत आहे. एखाद्या छापखान्याने आमचा नकाशा चोरून छापला तर तो आमचाच, हे दाखवता यावं म्हणून. कुठे नसलेला ओढा, कुठे नसलेलं घर. कुणाला त्रास होणार नाही अशी जागा बघायची. इथे मी वाट घातली. उभा कातळ, म्हटलं तिकडे कोण जातंय."

"आणि थेंब? पाणी कशाला दाखवलंत?"

"रिकामी वाट खोटी दिसते. वाट कुठेतरी जायला हवी."

आजवर मी तीनशेहून जास्त पट्ट्या मोडल्या आहेत. लाकडी पट्टी मोडायला जोर लागत नाही, मधोमध अंगठे टेकवायचे. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. लांब, स्वच्छ, शाईचा एकही डाग नसलेली बोटं.

"माझा भाऊ तिथे पाणी आणायला गेला."

"वाचलं होतं मी. तेव्हाच."

"आणि गप्प बसलात."

"पत्र लिहिलं होतं. वरिष्ठांना." त्यांनी खणाकडे हात केला. "इथेच आहे."

"वा! छान जपून ठेवलंत! आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून वाट वाढवलीत? सातावरून एक्केचाळीस तुकडे? आणखी किती जणांना—"

"ते मी नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. आजूबाजूच्या दोघांनी वर पाहिलं आणि पुन्हा आपापल्या पडद्यांत माना घातल्या.

त्यांनी एक मोठी पारदर्शक फिल्म आणून उजेडाच्या काचेवर ठेवली. वाटांची मूळ फिल्म. या पत्रकाच्या सगळ्या प्रती हिच्यावरूनच निघतात. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नवी प्लेट करतात आणि माहिती केंद्राला लागतील तेवढ्या प्रती छापतात. मी पर्समधून माझं भिंग काढलं, आत पट्टी आखलेलं. फाटा सापडला. त्याच्या उजवीकडे काळ्या शाईचे सात तुकडे. प्रत्येक बरोबर एक मिलिमीटर. पुढे काही नाही. शाईचा ओरखडासुद्धा नाही.

मग त्यांनी खालचा खण उघडला. प्रत्येक महिन्याच्या छपाईतली एकेक प्रत त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. एकावर एक ठेवत गेले. दादा गेला त्या महिन्याची प्रत, सात तुकडे. पुढच्या महिन्याची, आठ. त्यापुढची, नऊ.

"आधी वाटलं प्लेटवर केस पडला असेल," ते म्हणाले.

"प्लेट जुनी वापरत असाल."

"दर वेळी नवी. मी समोर उभा असतो."

"कुणीतरी मस्करी करत असेल."

"तीन वर्षं? आणि हसायला कुणी येत नाही?"

"फिल्म ताणली जाते उष्णतेने—"

"मग सगळाच डोंगर ताणला असता, ताई."

मी सुचवेन ती प्रत्येक चूक त्यांनी आधीच तपासलेली होती. मला चूक हवी होती. चूक सापडली असती तर ती कुणाची तरी असती.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? वाट वाढतेय म्हणू? चष्मा बदला म्हणतील. बदलला. म्हणून दोन आहेत."

"महिन्याला एक तुकडा," मी म्हणाले. मधली मोकळी जागा धरून चाळीस मीटर. "मूर्खपणा आहे हा. महिनाभरात चाळीस मीटर कुणी चालत नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "कुणी चालतंय असं मी म्हटलंच नव्हतं."

खोलीत कुठेतरी एक पंखा खडखडत होता. मी नकाशांची चळत सरळ केली. ती सरळच होती.

"आजची प्रत," ते म्हणाले आणि टेबलाच्या कडेची एक प्रत दोन बोटांनी धरून माझ्यापुढे ठेवली. सकाळीच छापलेली. शाईचा वास येत होता. बेचाळीस तुकडे. बेचाळिसावा थेंबाला टेकला होता. वळसा पुरा झाला होता. आता त्या वळशातून मुख्य वाटेकडे यायला एकच रस्ता होता, त्यांनी काढलेले पहिले सात तुकडे.

फोन वाजला. बाबा.

"आत्याकडे ना तुम्ही?"

पलीकडे वारा होता. "फाट्यावर आहे," बाबा म्हणाले. त्यांना दम लागला होता आणि ते खूश होते. "तुझा हिशेब अगदी बरोबर. एक तास पन्नास. दोनदा बसलो, तू म्हणालीस तिथेच."

"बाबा—"

"ऐक. दर महिन्याला नकाशा मागवत होतो मी. चाकाने उठवून ठेवत होतो. पस्तीस महिने मोजतोय गं. आज तो पाण्यापाशी आला असेल. इथून फक्त सात तुकडे. घेऊन येतो त्याला."

"तिथे कातळ आहे. उजवीकडे कातळ आहे, वाट नाही."

"वाट आहे."

"ती खोटी आहे! ज्याने काढली तो माणूस माझ्यासमोर बसलाय!"

"चांगली काढलीय," बाबा म्हणाले. "पायाखाली पक्की लागतेय."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मोजून खोटं पाडलं असतंस."

"परत फिरा. आत्ताच्या आत्ता. एक पाऊलसुद्धा पुढे—"

"पाण्याचा आवाज येतोय," बाबा म्हणाले. "बाटली आणलीय मी. फोन ठेवतो."

मी पुन्हा फोन लावला. लागला नाही.

पुन्हा लावला.

"ब्लेड द्या," मी म्हणाले.

"ताई, थांबा. आधी त्यांना परत येऊ द्या."

ब्लेड टेबलावरच होतं, पेन्सिलींच्या खोक्यात. मी ते घेतलं.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की बाबांना अडवायला म्हणून मी ते केलं. वाटच नसेल तर जातील कुठे. असा काही विचार मी केला नव्हता. शाई खरवडली म्हणून पाच तासांवरच्या डोंगरात काही बदलेल यावर माझा विश्वास नव्हता. मला फक्त राग आला होता. सात तुकडे, एकसारखे, स्वच्छ, उजेडावर ठेवलेले, आणि सातही खोटे.

मी फाट्याच्या बाजूने सुरुवात केली.

वाळलेली शाई भुकटी होऊन निघते. एक. दोन. तीन. ब्लेडचा किरकिर आवाज येत होता. आरेखक उभे होते, त्यांचा एक हात पुढे आलेला होता आणि तो तसाच राहिला. सातवा तुकडा गेल्यावर मी फुंकर मारली.

बारा वाजून वीस मिनिटं. फाट्यापासून पुढे नुसता उजेड. थेंब निळ्या रंगाच्या वेगळ्या फिल्मवर होता, त्यामुळे तो राहिला.

"किती पुढे गेले होते ते?" आरेखकांनी विचारलं.

मी फोनकडे पाहिलं.

"ताई, किती तुकडे पुढे गेले होते?"

या वेळी वनरक्षकांनी चौदा दिवस शोधलं. बाबांची बॅग त्याच दगडाला टेकवलेली होती. चेन बंद. आत डबा, स्वेटर, दातेरी चाक आणि बेताच्या पातळ कागदांची गुंडाळी. पस्तीस कागद, प्रत्येकावर टोचलेला वळसा, आधीच्यापेक्षा एका तुकड्याने लांब. पाण्याची बाटली नव्हती.

माहिती केंद्रातल्या बाई माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आल्या. कातळ त्यांनी सांगितला तसाच होता. उभा, कोरडा, पोटरीपर्यंत शेवाळ. मी त्याच्यावर दोन्ही तळहात टेकवले. फट नव्हती. मग मी लाथ मारली. मग आणखी मारल्या. बाईंनी मला धरलं नाही, त्या दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बसा जरा. पाणी देऊ?"

मी नको म्हणाले.

महिन्याभराने नकाशा कार्यालयाचं पत्र आलं. मी लिहिलेला अर्ज त्या दिवशी त्या टेबलावरच राहिला होता, तो कुणीतरी पुढे पाठवला होता. पत्रात लिहिलं होतं: 'आपल्या तक्रारीची तातडीने दखल घेऊन सदर पायवाट नकाशातून वगळण्यात आली आहे. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.' खाली सही होती, सहीखाली शिक्का. मी ते पत्र फाडणार होते. मग तारीख टाकून फायलीत लावलं.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी चौथ्या मजल्यावर जाते. आरेखक खुर्ची पुढे करतात आणि सकाळची प्रत समोर ठेवतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी प्रतीशेजारी मूळ फिल्म, टाक आणि काळ्या शाईची बाटलीही ठेवली.

"काढू का परत?" त्यांनी विचारलं. "सातच तुकडे. होते तसे."

"आणि खिडकीवर नकाशा घेऊन पुढचा कुणीतरी तहानलेला जाईल. त्याचं काय?"

"मग नको?"

"मी नको म्हटलं का?" मी ओरडले. "मी नको म्हटलंय का, काका?"

त्यांनी टाक उचलला नाही, आत ठेवलाही नाही. तो अजून तिथेच आहे. बाटलीतली शाई मात्र दर महिन्याला नवी असते.

आज चौथी प्रत पाहिली. फाट्यापासून थेंबापर्यंत अकरा मिलिमीटर कागद पांढरा आहे. सुळक्याभोवतीचा वळसा जसाच्या तसा, पस्तीस तुकडे. तो मी पुन्हा मोजला, प्रत्येक तुकडा एक मिलिमीटर, कुठेही फरक नाही.

थेंबापासून दुसरी एक बारीक रेषा सुरू झाली आहे. पहिल्या महिन्यात तिचा एक तुकडा होता, तो फाट्याकडे तोंड करून होता, पांढऱ्या जागेच्या अगदी काठावर. दुसऱ्या महिन्यापासून ती वळली. आता ती वळशाला लागून, त्याच्या आतल्या बाजूने धारेकडे चढते आहे. आजपर्यंत चार तुकडे.

मी भिंग ठेवलं. वादातल्या मापाचं वाचन आमच्याकडे तीनदा घेतात. मी तीनदा घेतलं.

एक मिलिमीटर. शून्य पूर्णांक सात. एक मिलिमीटर. शून्य पूर्णांक सात.